बारीक माणसाला मधुमेह: चरबीच्या पेशीचं वकीलपत्र

मेदपुराण (धागाकर्ता)

इथल्याच एका वजन-घटवा धाग्यावर ‘चरबी म्हणजे शरीरात साचलेला कचरा’ असं वाक्य आलं आणि खाली +१ ची रांग लागली. माझा रोजचा धंदाच चरबीच्या पेशींशी आहे (प्रयोगशाळेत, ताटातल्या वेगळ्या), तेव्हा तिचं वकीलपत्र घेणं भाग आहे. म्हणणं थोडक्यात असं: आपल्या लोकांना मधुमेह होतो तो चरबी फार झाली म्हणून कमी आणि ती ठेवायची योग्य जागा लवकर संपली म्हणून जास्त.

आधी ही पेशी दिसते कशी ते सांगतो. चरबीचा तुकडा बारीक कातरून कोलॅजिनेज नावाच्या एन्झाइममध्ये टाकायचा आणि ३७ अंशांना हलवत ठेवायचा. तासाभरात तुकडा विरघळल्यासारखा होतो. मग नळी नुसती उभी ठेवायची. बाकीच्या सगळ्या पेशी खाली बसतात आणि चरबीच्या पेशी वर तरंगतात, पिवळसर थर धरून. १९६४ साली मार्टिन रॉडबेल यांनी ही रीत बसवली, आजही जवळपास तशीच वापरतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशीत तेलाचा एकच भलामोठा थेंब असतो आणि केंद्रक बिचारं कडेला दबून चपटं झालेलं. मोठी पेशी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी भरते. पिपेटचं टोक जरा अरुंद घेतलं की पेशी फुटतात आणि वर नुसता तवंग उरतो. नव्या विद्यार्थ्यांचा पहिला आठवडा यातच जातो.

आता ती करते काय? जेवण झालं, इन्सुलिन चढलं, की ती साखर आत घेते, रक्तातली चरबी आत ओढते आणि स्वतःच्या साठ्यातून बाहेर सोडणं थांबवते. यातलं तिसरं काम सगळ्यात नाजूक, आणि ते करून घ्यायला इन्सुलिन अगदी थोडं पुरतं. उपाशीपोटी उलटा कारभार: ट्रायग्लिसराइडच्या (म्हणजे साठवलेल्या चरबीच्या) प्रत्येक रेणूतून तीन फॅटी ॲसिडं एकामागून एक सुटतात आणि हृदयाला, स्नायूंना इंधन मिळतं. पहिलं फॅटी ॲसिड सोडवणारं एन्झाइम (एटीजीएल) थेट २००४ मध्ये सापडलं, ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात. इतकी मूलभूत गोष्ट इतक्या उशिरा कळली, यावरून चरबीकडे किती दुर्लक्ष होतं ते समजा.

पेशी फुगत फुगत मर्यादेला आली की बिनसतं. काही पेशी मरतात, त्यांच्याभोवती मॅक्रोफेज (मेलेलं गिळून टाकणाऱ्या संरक्षक पेशी) कडं करून बसतात, सूज आणणारी रसायनं सुटतात. (त्यातलं टीएनएफ-अल्फा लठ्ठ उंदरांच्या चरबीत १९९३ मध्ये होतामिश्लिगिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, तोवर चरबीचा आणि सूजेचा संबंध कोणी फारसा जोडत नव्हतं.) मग पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशी होते. जेवणानंतरही फॅटी ॲसिडं सुटत राहतात आणि जिथे जायला नको तिथे जातात: लिव्हर, स्नायू, पॅन्क्रियाज. लिव्हर थांबायच्या वेळीही साखर तयार करत बसतं, स्नायू साखर घेईनात, पॅन्क्रियाज जास्त इन्सुलिन ओतून वर्षानुवर्षं सावरून धरतं. रिपोर्टात साखर दिसते ती हा प्रकार बराच पुढे गेल्यावर.

प्रश्न येऊ द्या.

रानजाई

वाचनखूण साठवली. म्हणजे घरातला माळा भरला की सामान स्वयंपाकघरात येऊन पडतं, तसंच ना?

आमच्या ह्यांचं वजन ६२, उंची पाच फूट सात. चार माणसांत ‘किती बारीक राहिलात हो’ असं ऐकायला मिळतं. आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.३, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १. सासूबाईंचा तर विश्वासच बसत नाही. त्या म्हणतात लॅबवाल्याने नमुने बदलले.

मेदपुराण

माळा चालेल. फक्त हा माळा मेंदूला निरोपही पाठवतो की आता भरत आलोय, आवरा. लेप्टिन हा तो निरोप, १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला सापडला. तो जन्मतःच नसलेली दोन मुलं, एकमेकांची चुलत-मावस भावंडं, १९९७ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी शोधली. लहान वयात अफाट वजन आणि न शमणारी भूक. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर भूक आवरली, चरबी उतरली. तेव्हा वाटलं होतं, झालं, लठ्ठपणाचं औषध सापडलं. पण आपल्यासारख्या सामान्य लठ्ठांमध्ये लेप्टिन भरपूर असतं, मेंदू दाद देत नाही एवढंच.

तुमच्या यजमानांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) साधारण २१.४ येतो. लॅबवाल्याला दोष देऊ नका, हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र आहे आणि त्यावरचं सगळ्यात गाजलेलं काम पुण्यातच झालंय. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांची, गर्भारपणाच्या आधीपासून, नोंद ठेवली. त्या आयांचं सरासरी वजन ४२ किलो, बीएमआय १८ च्या आसपास. बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आता गंमत बघा: दंड, पोट, डोकं, उंची सगळं पुण्याच्या बाळांचं कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच! स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, चरबी राखून ठेवलेली. म्हणजे बारीक दिसणारं बाळ हिशेबाने जाडच.

याच डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय बरोब्बर २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. हा शोधनिबंध जेमतेम एका पानाचा आहे आणि माझ्या मते दहा जाडजूड प्रबंधांच्या तोडीचा.

अण्णा_सांगलीकर

तुमचं सगळं बराबर आहे ओ, पण आमचे आजोबा ताटात तुपाची धार धरून जेवायचे, नव्वदीपर्यंत मळ्यात जात होते. त्यांना कुठली पेशी आडवी आली नाही. खा कमी, राबा जास्त. बाकी सगळं इंग्रजी.

गणिती_गोगलगाय

अण्णा, ज्यांचे आजोबा पन्नाशीत गेले ते इथे येऊन तूप-कथा सांगत नाहीत, एवढाच फरक.

मेदपुराण

:) गोगलगाय, जरा हळू. अण्णांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. राबणारा स्नायू स्वतःची चरबी रोज जाळून पुन्हा भरतो. पट्टीच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या स्नायूंत मधुमेह्यांइतकीच चरबी सापडते आणि तरी ते इन्सुलिनला चोख प्रतिसाद देतात. हे २००१ मध्ये मोजलं गेलं आणि तेव्हा सगळ्यांनी डोकं खाजवलं होतं. म्हणजे चरबी तिथे असणं एवढं वाईट नाही, ती पडून राहणं वाईट. आजोबांच्या तुपाला रोज मळा होता. आपल्या तुपाला आयटी पार्क आहे.

उरलेलं अर्धं मान्य नाही. सारखंच खाणाऱ्या आणि सारखंच बसणाऱ्या दोन माणसांत एकाला ९५ किलोला काही होत नाही आणि दुसऱ्याला ६५ ला होतं. ‘खा कमी’ मध्ये याचं उत्तर नाही.

टेक्सासकर

इकडे माझ्या ऑफिसातल्या एकाने लायपोसक्शन करून घेतलं. महिनाभर पट्टा बांधून हिंडत होता, आता दिसतो झकास. साखर का नाही सुधारली म्हणून डॉक्टरशी भांडतोय. तुमच्या हिशेबाने चरबी काढली तर साखर सुधारायला नको का?

मेदपुराण

उलट, माझ्या हिशेबाने सुधारायला नकोच. हा प्रयोग झालाय. २००४ मध्ये सेंट लुईसमध्ये सॅम्युएल क्लाइन यांच्या गटाने १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची चरबी शोषून काढली. मधुमेह नसलेल्या आठ जणींची सरासरी ९.१ किलो, मधुमेह असलेल्या सात जणींची १०.५ किलो. दहा किलो म्हणजे जेवण कमी करून उतरवले असते तर साखर, बीपी, सगळंच हललं असतं. इथे काहीच हललं नाही. इन्सुलिनला प्रतिसाद तेवढाच, सूजेची रसायनं तेवढीच. काढलेली चरबी कातडीखालची, म्हणजे त्यातल्या त्यात निरुपद्रवी. लिव्हरमधली होती तिथेच राहिली.

याच्या उलट टोक बघा. ज्यांना जन्मतः चरबीची ऊतीच नसते (लायपोडिस्ट्रॉफी, दुर्मिळ आजार) ते दिसायला पिळदार, शिरा वर आलेल्या, जिममधल्या पोस्टरसारखे. आणि आतून? भयंकर इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला दाद देत नाही), लिव्हर चरबीने गच्च, ट्रायग्लिसराइड हजारांत. असे उंदीर अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत बनवले होते. २००० साली त्यांच्या कातडीखाली निरोगी उंदरांची चरबी रोवली. मधुमेह गेला! ज्या दिवशी हा निबंध पहिल्यांदा वाचला त्या दिवशी माझा विषय ठरला.

आणखी एक उंदीर, माझा लाडका. लेप्टिन नसलेला, म्हणजे बेसुमार खाणारा. त्याच्यात ॲडिपोनेक्टिन हे चरबीचंच दुसरं हार्मोन थोडं जास्त तयार होईल असं केलं (२००७, फिलिप शेरर यांचा गट). तो नेहमीच्या लठ्ठ उंदरापेक्षाही कितीतरी जाड झाला, हातात मावेना इतका, आणि साखर एकदम नॉर्मल. कातडीखाली लहान लहान पेशी भरपूर, लिव्हर स्वच्छ.

औषधवाला

दुकानात बसल्या बसल्या हा धागा वाचतोय. तुमच्या जाड उंदरावरून पायोग्लिटाझोन आठवलं. गिऱ्हाईक तक्रार करतं, साखर उतरली पण वजन चढलं, पायाला सूज आली. ही गोळी याच वाटेने चालते ना? आणि ती मध्येच बंद झाली होती, ती भानगड काय?

मेदपुराण

नेमकं बोललात. ती पीपीएआर-गॅमा नावाचं बटण दाबते, नव्या चरबीपेशी तयार व्हायचं मुख्य बटण. कातडीखाली ताज्या, लहान पेशी येतात, लिव्हरमधली चरबी तिकडे सरकते. म्हणून वजन वर आणि साखर खाली, एकाच वेळी. या बटणाच्या जीनमध्ये बिघाड असलेली माणसं १९९९ मध्ये सापडली: तरुणपणीच मधुमेह आणि रक्तदाब. मला विचाराल तर ‘जागा संपली’ या कल्पनेला याहून मोठा पुरावा माणसांत नाही.

पण औषध सरळ नाही. अंगात पाणी धरतं, हृदय कमजोर असेल तर धोका, हाडं ठिसूळ होतात. त्याचं भावंड रोझिग्लिटाझोन आपल्याकडे २०१० मध्ये बंद झालं. पायोग्लिटाझोन मूत्राशयाच्या कॅन्सरच्या शंकेवरून केंद्र सरकारने जून २०१३ मध्ये थांबवलं आणि डॉक्टर मंडळींनी ओरड केल्यावर जुलै संपता संपता पेटीवर इशारा छापायच्या अटीवर परत आणलं. कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही हे डॉक्टरच ठरवतील, धाग्यावर वाचून कोणी मागायला येऊ नये.

खिडकीतली_चिमणी

बायकांचं काय? माझं पोट सपाट, मांड्या आणि मागची बाजू मात्र ऐसपैस. आयुष्यभर त्यावरून ऐकलंय. आता तुमचा धागा वाचून वाटतंय की जाऊन सगळ्यांना ऐकवावं.

मेदपुराण

बेलाशक ऐकवा! मांड्या-नितंबांवरची चरबी ही सगळ्यात सभ्य चरबी. आलेली चरबी मुकाट्याने आत घेते आणि सहसा सोडत नाही (म्हणून ती उतरतही नाही, ते वेगळं दुखणं). २०१७ च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात इन्सुलिन रेझिस्टन्सशी संबंधित डीएनएमधल्या ५३ जागा मिळाल्या. त्या जागांवर धोक्याचा वारसा जास्त असलेल्या लोकांत हातापायांवरची चरबी कमी निघाली. पाळी थांबल्यावर मात्र चरबी पोटाकडे वळते, तेव्हा चाळिशी-पन्नाशीत टेप हाताशी असू द्या. भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा बायकांना ८० सेंमी आणि पुरुषांना ९०. मोजायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पँटच्या मापावर जाऊ नका, पुरुषांची पँट पोटाच्या खाली सरकत जाते आणि माप वीस वर्षं ३४ च राहतं.

बिनसाखरेचा_चहा

इन्सुलिन चढलं की चरबी जळत नाही, हे तुम्हीच लिहिलंत. म्हणजे दिवसातून दोनदाच जेवायचं, मधे तोंड बंद, हे शास्त्रशुद्धच झालं की. मी करतोय, वजन उतरलंय, साखर पण.

मेदपुराण

तुम्हाला गुण आलाय तर चालू ठेवा. पण कारणमीमांसा तपासून घेऊ. दोन जेवणांच्या मधे इन्सुलिन कमी असतं, चरबी सुटते, खरं. पण जेवलात की ती परत भरते, मोठं जेवण असेल तर जास्त भरते. शेवटी चोवीस तासांचा जमाखर्च बघायचा. २०१५ मध्ये एनआयएचमध्ये केव्हिन हॉल यांनी १९ लठ्ठ माणसांना वॉर्डातच ठेवून मोजमाप केलं. कर्बोदकं कमी केली तेव्हा इन्सुलिन उतरलं, आणि तेवढ्याच कॅलरी स्निग्ध पदार्थांतून कमी केल्या तेव्हा इन्सुलिन हललं नाही. तरी शरीरातली चरबी दुसऱ्या वेळी किंचित जास्तच घटली. प्रयोग थोड्या दिवसांचा होता, म्हणून त्यावर फार मोठा मनोरा बांधू नये, पण ‘इन्सुलिन खाली म्हणजे चरबी खाली’ हे समीकरण काही टिकत नाही.

दोनदा जेवल्याने बहुतेकांचं चारचा चहा-बिस्किट, सातचा चिवडा आणि टीव्हीसमोरची शेव सुटते. माझ्या मते गुण त्याचा आहे. आणि एक, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना डॉक्टरांना न सांगता जेवण गाळू नका, साखर एकदम खाली जाते.

गणिती_गोगलगाय

माझ्या लॅबने ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये होमा-आयआर नावाचा आकडा छापून दिलाय, ३.१, शेजारी लाल बाण. पॅकेज विकणारा मुलगा फोनवर म्हणाला, ‘सर इन्सुलिन रेझिस्टन्स आहे, आमच्या डाएटिशियनशी बोला.’ हा आकडा येतो कुठून?

मेदपुराण

उपाशीपोटीचं इन्सुलिन गुणिले साखर, भागिले ४०५. ऑक्सफर्डचं १९८५ चं सूत्र, हजारो लोकांच्या अभ्यासात उपयोगी. एका माणसाच्या एका सकाळच्या नमुन्यावर त्याचा लाल बाण काढणं ही दुकानदारी. इन्सुलिन दिवसाला, वेळेला बदलतं, प्रत्येक लॅबची मोजायची पद्धत वेगळी, आणि नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या तर इन्सुलिन नासतं.

खरी मोजणी क्लॅम्पने होते. १९७९ मध्ये डीफ्रॉन्झो आणि सहकाऱ्यांनी ती पक्की केली. एका हातात इन्सुलिनची धार, दुसरीकडून ग्लुकोज, दर पाच मिनिटांनी साखर तपासायची आणि ती जागची हलणार नाही इतपत ग्लुकोज कमी-जास्त करत राहायचं, निदान दोन तास. किती ग्लुकोज ओतावं लागलं तेवढी इन्सुलिनची ताकद. हे दवाखान्यात कोणी करत नाही आणि करायची गरजही नाही. कंबर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल), एचबीएवनसी आणि घरातला इतिहास, यावरून चांगला डॉक्टर तुम्हाला तेच सांगेल.

रानजाई

मग आमच्या ह्यांनी करायचं काय? वजन उतरवा म्हणावं तर आधीच पाप्याचं पितर. आणि चरबीच्या पेशी कमी होतात का कधी?

मेदपुराण

पेशींची संख्या साधारण विशीपर्यंत ठरते, पुढे फारशी हलत नाही. हे कसं शोधलं ते ऐकण्यासारखं आहे. १९५०-६० च्या दशकांत अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला आणि चाचण्या थांबल्यावर हळूहळू उतरला. स्टॉकहोमच्या कर्स्टी स्पॉल्डिंग आणि सहकाऱ्यांनी चरबीच्या पेशींच्या डीएनएमधला तो कार्बन मोजून पेशींच्या जन्माची साल काढली (२००८). दर वर्षी दहा टक्के पेशी मरतात, तितक्याच नव्या येतात. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनीही संख्या तीच, फक्त पेशी आक्रसलेल्या. तेवढंही पुरतं, पेशी आक्रसली की पुन्हा इन्सुलिनचं ऐकते.

यजमानांसाठी मुद्द्याचं काम न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांचं. त्यांचं म्हणणं, प्रत्येकाची चरबी पेलायची मर्यादा स्वतःची असते, बीएमआयचा तक्ता तिला विचारत नाही. २०२३ मध्ये त्यांनी बीएमआय २७ च्या आतले २० मधुमेही घेतले, म्हणजे दिसायला ठीकठाक. थोडं थोडं करून सरासरी १० टक्क्यांच्या आसपास वजन उतरवलं. २० पैकी १४ जणांचा मधुमेह औषधाविना मागे हटला, लिव्हरमधली चरबी उतरली. अभ्यास लहान आणि इंग्लंडचा, हे लक्षात ठेवून बोलतो.

६.३ म्हणजे अजून मधुमेहाच्या अलीकडे. पण २१ च्या बीएमआयवरून दहा टक्के उतरवायचे म्हणजे स्नायूच झिजायचे. म्हणून अशा माणसाला मी आधी स्नायू वाढवायला सांगेन: आठवड्यातून दोन-तीनदा वजनं, उठाबशा, जिने. ताटात डाळ-उसळ-अंडी वाढवा, भात-पोळीचा ढीग कमी. त्यातून दोन-तीन किलो पोटावरून गेले तर उत्तम. नुसतं वजन उतरवायचं असेल तर डॉक्टर सोबत हवा.

खिडकीतली_चिमणी

अवांतर वाटेल, पण डॉ. याज्ञिकांची ती गावं, त्या आया... त्या मुलांचं पुढे काय झालं? माझी भाची कॉलेजात आहे, शुद्ध शाकाहारी, जीवनसत्त्व बी१२ तळाला.

मेदपुराण

अवांतर अजिबात नाही. त्या आयांपैकी दोनतृतीयांश जणींचं बी१२ कमी होतं आणि फोलेट (फोलिक ॲसिडचंच जीवनसत्त्व) मात्र बहुतेक सगळ्यांचं ठीक. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पाहिलं तर ज्यांच्या आईचं बी१२ कमी आणि फोलेट भरपूर, त्या मुलांत इन्सुलिन रेझिस्टन्स सगळ्यात जास्त (२००८). गर्भारपणात फोलिक ॲसिड सगळेच देतात आणि द्यायलाच हवं, बी१२ मात्र विसरलं जातं. २०१२ पासून त्याच मुलामुलींना, लग्नाच्या आधीच, रोज थोडंसं बी१२ देऊन त्यांच्या होणाऱ्या बाळांवर काय परिणाम होतो ते बघायचा प्रयोग पुण्यात सुरू झाला. म्हणजे उपाय आईच्याही आधीपासून.

भाचीला बी१२ ची तपासणी करून घ्यायला सांगा, आणि गोळी की इंजेक्शन ते डॉक्टरांना ठरवू द्या. दूध-दही रोज असेल तर थोडी भर पडते. पालक, बीट, मोड आलेले मूग यांत बी१२ नसतं, व्हॉट्सॲपवर काहीही येवो.